बोलणाऱ्याची भाकर

आमच्या पालेगावात पूर्वी कुणावर आळ आला तर तो माणूस गावकीपुढं स्वतः बोलत नसे. गावकी देवळापुढच्या ओट्यावर बसायची. आळ आलेला खाली, चपला काढून, मान खाली घालून. त्याच्या वतीनं दुसरा कुणी उभा राहायचा, त्याला आम्ही बोलणारा म्हणायचो. उभं राहण्याआधी वयानं मोठा असेल तो त्याच्या हातावर विडा ठेवायचा. विडा तोंडात गेला की त्या बैठकीपुरता बोलणारा सगळ्यांच्या पलीकडचा. त्यानं गावातल्या मोठ्या घराला खोटारडं म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या शेतात कुणी मुद्दाम गुरं सोडायची नाहीत. आणि ज्याच्यासाठी तो बोलला तो हरला, तरी त्यानं बोलणाऱ्याला धरायचं नाही. तू मला बुडवलंस असं म्हणायची सोय नव्हती.

मी हे काम पुष्कळ वर्षं केलं. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तर मारकुटा नव्हता म्हणून. पण उभा राहिलो की ओट्यावरची कुजबुज थांबायची, हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण सांगणारे दुसरे आता फारसे उरले नाहीत. आता ओटा आहे, गावकी नाही. समोर उंच इमारती उठल्या, त्यांच्या गच्चीवरून आमच्या घरांची कौलं मोजता येतात. तंटा झाला की लोक पोलिसात जातात. मीही त्याला कधी नाव ठेवलं नाही, माझ्यावर वेळ येईपर्यंत.

माझा धाकटा मुलगा टेम्पो चालवायचा. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सेठचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. तिथला शिवलेला माल धुलाईला न्यायचा आणि धुतलेला परत आणायचा. एकदा माल परत आला तेव्हा काही गठ्ठे कमी भरले. सेठ चांगला माणूस होता, पण घाबरट. त्यानं आधी धाकट्याला विचारलं, मग पोलिसात सांगितलं. पोरगा कल्याणला तुरुंगात गेला.

तुरुंगात त्याला कुणी विचारलं, वकील आहे का. तो नाही म्हणाला. मग कोर्टानं त्याला फुकटचा वकील दिला. ज्याला ऐपत नाही त्याला सरकार वकील देतं, पगार सरकार देतं, पण बोलायचं आपल्या बाजूनं. मला ते आधी कळेना. सरकारी वकील म्हणजे आपल्याविरुद्ध उभा राहणारा, एवढंच मला ठाऊक. शिवाय फुकटचं घ्यायची आमच्या घराला सवय नाही. पण त्या इमारतींसाठी विकलेल्या जमिनीचे पैसे कुठं गेले हे विचारू नका. जमिनी विकलेल्या सगळ्या घरांचं झालं तेच आमचं झालं.

वकील तरुण होता, बदलापूरचा. काखेत फायली, दुसऱ्या हातात आणखी फायली, फोन खांद्यानं कानाशी धरलेला. मला म्हणाला, काका, केस हलकी आहे, जामीन होऊन जाईल. मी त्याला नीट पाहून घेतला. बोलणाऱ्याचे पाय बघावेत असं माझा बाप सांगायचा, उभं राहताना पाय हलत असतील तर माणूस कच्चा. याचे पाय हलत नव्हते, पण एका जागी थांबतही नव्हते.

जामिनाच्या दिवशी मी सकाळपासून कोर्टात बाकावर बसलो. आमचं नाव पुकारलं. वकील नाही. शिपायानं बाहेर जाऊन हाका मारल्या. न्यायाधीश बाईंनी विचारलं, आरोपीचे वकील कुठे आहेत.  मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी आहे, मी बोलतो. पन्नास माणसं गप्प बसवणारा माझा आवाज त्या खोलीत असा निघाला की पंख्याच्याही वर जाईना. शिपायानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "आजोबा, तुम्हाला नाही बोलता येत इथं," तो म्हणाला. वाईट नाही बोलला, लहान मुलाला सांगावं तसं बोलला. तेच जास्त लागलं.

बाईंनी जेवणानंतर पुन्हा पुकारायला लावलं. तेव्हाही वकील नाही. अर्ज फेटाळला. पुढचा अर्ज पडायला आणि त्यावर काही व्हायला अख्खा उन्हाळा गेला, पावसाळा लागला. तोवर पोरगा आतच. शेवटी ते गठ्ठे दुसऱ्याच एका धुलाईवाल्याकडं सापडले, गर्दीत चुकून तिकडं उतरले होते. सेठनं कोर्टात येऊन तसं सांगितलं, पोरगा सुटला. त्या दिवशी वकील हजर होता. बोललाही चांगला. मग हात जोडून पुढच्या फायलीकडं गेला.

धाकटा घरी आला. आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवायला बसला तर डाव्या हाताचा आडोसा करून ताट झाकून जेवायला लागला. त्याच्या आईनं ते बघितलं आणि चुलीकडं तोंड फिरवलं. जेवण झाल्यावर त्यानं मला एकच विचारलं.

"बाबा, तो वकील त्या दिवशी का नाय आला?"

 त्यानं पुन्हा विचारलं नाही, पण दुसरंही काही बोलेना. टेम्पो पोलिसांकडून सुटून आला होता. त्यावर ताडपत्री टाकून दारापुढं उभा. तो त्याला हात लावेना. कॅम्प तीनचा सेठ फोन करायचा, माल पडलाय, ये म्हणायचा. हा फोन उलटा करून ठेवायचा. मग मी ठरवलं, या प्रश्नाचं उत्तर मी त्या वकिलाकडून घेणार. चार माणसांत घेणार. कोर्टात घेणार. त्याच्यावर दावा टाकणार.

आधी उल्हासनगरला एका सिंधी वकिलाकडं गेलो. कपड्याच्या दुकानावरती त्याचं ऑफिस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागला. म्हणाला, "साईं, वकील पे केस? वकील कौन देगा आपको?" मी म्हणालो, तुम्ही. तो म्हणाला, कल मेरे ऊपर करोगे तो? मग चहा मागवला, आणि मी चहा पीत असताना हळूच विचारलं, उसको फीस क्या दी थी? मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, दिया कुछ नहीं, तो गया क्या? मी चहा अर्धा ठेवून उठलो. माझ्या पोराचा उन्हाळा गेला, हे त्याला हिंदीत कसं सांगायचं ते मला येईना.

मग बदलापूरला एका वकीलबाईकडं गेलो. वयानं मोठ्या, तोंडानं फटकळ. त्यांनी मला उडवून लावलं नाही. म्हणाल्या, ग्राहकांच्या कोर्टात वकिलावर तक्रार चालत नाही, वरच्या कोर्टानं तसं सांगितलं आहे. दिवाणी कोर्टाचं दार अगदी बंद नाही, हलगर्जीचा दावा टाकता येतो. पण तो आला असता तर जामीन झालाच असता, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. कसं करणार? न्यायाधीशांच्या मनात काय आलं असतं ते कोण सांगणार? आणि दावा तुमच्या नावानं नाही, मुलाच्या नावानं पडेल. बाहेरच्या देशांत काही ठिकाणी तर, त्या म्हणाल्या, सरकारनं असा गरिबाला दिलेला वकील असेल तर त्याच्यावर भरपाईचा दावाच लावता येत नाही.

मी म्हणालो, हा कुठला न्याय?

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "बाबा, समजा मी तुमच्यासाठी उभी आहे आणि माझ्या डोक्यात आहे की हा माणूस उद्या मला कोर्टात खेचेल. मग मी काय करीन? तुमचा एक खरा मुद्दा असेल, त्याच्याबरोबर दहा पोकळ मुद्दे मांडीन. नंतर कुणी म्हणू नये हिनं हे सोडलं, ते सोडलं. त्या दहांत तुमचा खरा मुद्दा बुडेल. वकिलाला थोडं निर्भय ठेवावं लागतं."

मी म्हणालो, बाई, हा तर आमचा विडा.

त्यांना कळलं नाही. मग मी गावकीचं सांगितलं, विड्याचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग वकिलासारखाच प्रश्न केला. "बोलणाऱ्यानं विडा खाल्ला आणि बोलायला उभाच राहिला नाही, तर?"

मी म्हणालो, असं कधी झालं नाही.

"मग हरल्यावर काय व्हायचं? बोलणारा हात झटकून घरी जायचा?"

घरी नाही जायचा, मी म्हणालो. आणि सांगता सांगता मलाच ते लख्ख आठवलं.

आमच्या गावच्या तळ्यातल्या मासळीचा दर साली लिलाव व्हायचा. लिलावाआधी तळ्यात कुणी जाळं टाकायचं नाही. एका साली एकावर आळ आला, यानं आधीच जाळं टाकलं म्हणून. त्याच्यासाठी मी बोललो. चांगला बोललो. पण गावकीला पटलं नाही, आणि त्याच्या घराला वर्षभर तळं बंद झालं. आता रीत अशी होती की बोलणारा हरला तर त्यानं त्याच दिवशी हरणाऱ्याच्या घरी जेवायला जायचं. न बोलावता. हरणाऱ्यानं वाढायचं, बोलणाऱ्यानं खायचं, आणि तो जे विचारील त्याला उत्तर द्यायचं. जेवण झालं की हरणारा स्वतः उठून बोलणाऱ्याच्या हातावर पाणी घालायचा. पाणी पडलं की ते मिटलं. विडा दंडातून सोडवायचा, पण या भाकरीतून बोलणाऱ्याला कुणी सोडवत नसे.

मी गेलो. त्याच्या बायकोनं तांदळाची भाकर आणि सुकट वाढली. तो समोर बसला आणि म्हणाला, "तल्याची मासली तुझ्या बोलन्यानं गेली, आता ही खा." मी खाल्ली. त्यानं विचारलं, अमक्या माणसाला तू उलट प्रश्न का केला नाहीस. मी कारण सांगितलं. त्याला पटलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग त्यानं मला तसाच बसवून ठेवला, हात उष्टा, बोटांवरची भाकर वाळून कडक होईपर्यंत. शेवटी उठला, तांब्या घेतला आणि पाणी घातलं. त्यानंतर तो मरेपर्यंत आम्ही एकमेकांच्या बैलगाडीत बसलो.

वकीलबाई म्हणाल्या, असलं काही आमच्या कायद्यात नाही.

मी म्हणालो, तेच म्हणतोय मी.

घरी येऊन धाकट्याला सांगितलं, दिवाणी दावा टाकता येतो, तुझी सही लागेल. तो टेम्पोच्या फळीला टेकून बसला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "मना परत त्या पिंजऱ्यात उभा करनार तुम्ही? परत सगला माझ्या तोंडातून काढनार? मना पैसं नको, बाबा. तो का नाय आला तेवढा कलू द्या. बस."

त्याच्या आईनं आतून सांगितलं, पोराचा ऐका, नायतर तुमचा तोच हेका. मी ऐकलं. पण माघारी नाही फिरलो, वाट बदलली.

पुन्हा कोर्टात जाऊन बाकावर बसलो. वकील जिन्यातून उतरला तसा मला बघून थबकला. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, काका, मला कळलं तुम्ही माझ्यावर दावा टाकायला फिरताय. टाका. किंवा तक्रार करा, आमच्या वर समिती आहे, तिथं मी उत्तर देईन.

"तिथं कोण बसतं?" मी विचारलं.

"न्यायाधीश असतात, वकील असतात."

"मग माझ्या घरी ये. तिथं माझं पोरगं बसतं. जेवायला ये."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग वाटलं काहीतरी डाव आहे. पलीकडं एक पोलीस हवालदार ऐकत उभा होता, तो म्हणाला, आजोबा, वकिलाला जेवायला घालताय का जेवणात काही घालताय? दोन-चार जण हसले. मी हसलो नाही. वकीलही हसला नाही. म्हणाला, आम्हाला पक्षकाराकडचा चहासुद्धा घेता येत नाही, काका. नियम आहे. मी त्याला रीत सांगितली, सुकटीसकट. तो फायली छातीशी धरून ऐकत होता. मग फायली सावरत निघून गेला. मी घरी येऊन सांगितलं, तो येणार नाही.

एका रविवारी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. वकील. काळा कोट नाही, साधा शर्ट, त्यामुळं पोरसवदा दिसत होता. हातात पिशवी. बायकोनं घाईघाईनं भाकऱ्या थापल्या, बोंबील तळले. ताटं मांडली. तो मांडी घालून बसला आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढून पुढं ठेवला. म्हणाला, तुमच्याकडचं मला चालणार नाही. पण जेवायला मी आलोय.

मी रागावलो. म्हणालो, ही रीत नाही. बायको म्हणाली, "ही कंची तऱ्हा? लोकांच्या घरात येऊन आपला डबा खानार?" तो डब्याचं झाकण हातात धरून तसाच बसला, कानापर्यंत लाल. धाकटा त्याच्यासमोर बसला होता. त्यानं डब्यात डोकावून बघितलं.

"कोबी," तो म्हणाला. "आत पन रोज कोबीच होता."

आणि हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. वकील झाकण लावायला गेला तर धाकटा म्हणाला, खा, खा. थंड होईल.

दोघं जेवायला लागले. हा आमची भाकर, तो त्याची चपाती. मी मधे बसून होतो.  मग धाकट्यानं ताटाकडं बघतच विचारलं.

"त्या दिवशी कुठं होतात तुम्ही?"

वकिलानं घास खाली ठेवला. त्यानं सांगितलं, आमचं नाव पुकारलं त्याच वेळी वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात त्याचं आणखी एक काम पुकारलं होतं. एका माणसाला त्याच दिवशी नवा पकडून आणला होता, त्याची बायको वकिलाच्या बाहीला धरून रडत होती. त्याला वाटलं, हे उरकून खाली येतो. ते उरकेना. जेवणानंतरही उरकलं नाही. खाली आला तेव्हा कोर्ट उठलं होतं.

"मग तुरुंगात येऊन सांगायचं," धाकटा म्हणाला.

"निघालो होतो. कल्याणला उतरलोसुद्धा. स्टेशनाबाहेरून परत फिरलो."

"का?"

"तुला काय सांगायचं ते सुचेना. लाज वाटली."

मी मधे बोलणार होतो. माझ्याकडं बोलायला पुष्कळ होतं, मी रात्ररात्र जुळवून ठेवलं होतं. पण धाकट्यानं माझ्याकडं न बघता हात वर केला, थांबा म्हणून. गावकीत मी लोकांना थांबवायचो तसाच.

"मना वाटला तुम्ही मेलात," तो वकिलाला म्हणाला. "खरंच सांगतो. बराकीत एक जन बोलला, वकील मेला असंल, नायतर निरोप तरी येतो. मी धरून चाललू. तुमच्यासाठी वाईट पन वाटला मना. मग एक दिवस पुढच्या अर्जाला तुम्ही आलात, फायली घेऊन, धडधाकट. तवा मना जास्त लागला. नाय आलात ते चालला असता. जितं असून सांगाला नाय आलात."

 वकिलानं काही जुळवायचा प्रयत्न केला नाही, हे मी त्याच्या बाजूनं लिहितो. डब्यातला कोबी त्यानं शेवटपर्यंत संपवला. खाली बघून, एकेक घास. मला ठाऊक आहे तो घास कसा उतरतो.

जेवण संपलं. तो उष्टा हात घेऊन बसला. उठून मोरीकडं जाऊ की नको, त्याला कळेना. मी रीत सांगितलेली होती, तेव्हा त्याला ठाऊक असणार. धाकट्यानं ती लहानपणी बघितली होती की नाही मला आठवत नाही. धाकटा बसून राहिला. बायको दारात उभी. एकदा वाटलं, आपणच उठावं, तांब्या घ्यावा. पण ते माझं काम नव्हतं. हरला तो होता, आत राहिला तो होता.

वकिलाच्या बोटांवरची भाजी वाळली असेल, इतका वेळ गेला. मग धाकटा उठला. तांब्या घेतला, दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "या. पानी चालतो ना तुमच्या नियमात?"

"पाणी चालतं," वकील म्हणाला.

घरापुढच्या ओट्याच्या कडेला दोघं उभे राहिले आणि धाकट्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं. सगळा तांब्या रिकामा केला.

बायकोनं तोवर त्याचा डबा घासून पुसून दिला. हाताला जड लागला तसा तो उघडून बघायला गेला. ती म्हणाली, घरी जाऊन बघ, तवर तुझा नियम पन पालला जाईल. तो तसाच पिशवीत टाकून गेला.

आता माझं म्हणणं. वकीलबाई बोलल्या ते मला पटलं आहे, बोलणाऱ्याला भीती नको. मी स्वतः त्या विड्याच्या आडोशानं उभा राहिलो, नाहीतर मोठ्या घरांपुढं माझं तोंड उघडलं नसतं. पण विडा बोलण्यासाठी असतो. जो आलाच नाही त्यालाही तोच विडा, आणि वर भाकरही नाही, हे मला मान्य नाही. कुणी कितीही शिकलेला येऊन सांगू दे. हा एक आला, त्याच्या मनात आलं म्हणून आला. दुसरा न आला तर त्याला आणायला आमच्याकडं काही नाही.

टेम्पो अजून दारातच आहे. परवा धाकट्यानं ताडपत्री काढली, चाकांतली हवा बघितली आणि ताडपत्रीची घडी करून आत ठेवली. परत टाकली नाही.